सरांना उघड, मला बंद

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी कोपरखैरण्याची, वय 21, गणितात एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. दहावीपर्यंत मराठी शाळा. वडील एपीएमसी मार्केटात माथाडी कामगार, घरात पदवीच्या पुढे गेलेली ही पहिलीच. रिअल अ‍ॅनालिसिस शिकवणारे सर नावाजलेले, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली. हातात कागद न घेता वर्गात येतात, फळ्याकडे तोंड करून उजव्या हाताने लिहितात, डाव्याने पुसत जातात आणि दर दोन ओळींनी ‘ऑब्व्हियस’ म्हणतात. ऑगस्टमध्ये हिने युनिफॉर्म कंटिन्युइटीबद्दल विचारलं, की सगळ्या बिंदूंना एकच डेल्टा, म्हणजे बिंदूपासून सरकायची एकच मुभा, का चालत नाही? सर म्हणाले, ‘‘हे टी.वाय.चं आहे. एवढंही येत नाही तर एम.एस्सी.ला कशाला आलीस?’’ वर्ग हसला. तेव्हापासून ही गप्प. पहिल्या चाचणीत 20 पैकी 6 मार्क. आता वर्गाने ‘सर शिकवत नाहीत, त्यांना बदला’ असा अर्ज केलाय आणि 38 पैकी 31 सह्या झाल्यात. हिची अजून नाही, कारण एकदा विभागात एकटी गेली असताना याच सरांनी चाळीस मिनिटं बसून तिला एक प्रमेय समजावलं होतं आणि ते तिला अजून तोंडपाठ आहे. जुन्या बॅचचे म्हणतात, सर देव आहेत. मैत्रिणी म्हणतात, तू चमची आहेस. भाऊ म्हणतो, बँकेच्या परीक्षा दे. ती विचारते: ‘‘ताई, सही करू का? आणि खरं सांगा, सरांचं शिकवणं वाईट आहे की माझ्याच डोक्यात गणित नाही?’’

आधी तुझ्या शंकेचं उत्तर देते, सहीचं नंतर बघू. ऑगस्टपासून ती शंका तशीच पडून आहे आणि सह्यांच्या धामधुमीत तिची आठवण कुणालाच राहिलेली नाही. तुलाही नाही. पत्रात ती एका ओळीत उरकलीस आणि हसणाऱ्या वर्गाबद्दल पानभर लिहिलंस.

कॅल्क्युलेटर घे. फंक्शन साधं, एक्सचा वर्ग. अट अशी की उत्तर 1 पेक्षा जास्त हलता कामा नये, म्हणजे एप्सिलॉन 1. आता 1 या बिंदूवर उभी राहा. तिथे वर्ग 1 आहे, तो 2 च्या आत राहायला हवा. 2 चं वर्गमूळ 1.41. म्हणजे तुला पुढे सरकायला जागा मिळाली 0.41, हाच तिथला डेल्टा. आता 10 वर जा. वर्ग 100, तो 101 च्या आत हवा, 101 चं वर्गमूळ 10.049. जागा उरली 0.049. मग 100 वर. 10001 चं वर्गमूळ 100.0049, जागा 0.0049. हजारावरचं तू स्वतः कर. जागा आकसतच जाते. कितीही बारीक डेल्टा हातात घेऊन निघालीस तरी पुढे कुठेतरी तो मोठा पडतोच. प्रत्येक बिंदूला त्याचा त्याचा डेल्टा आहे, म्हणून हे फंक्शन कंटिन्युअस. सगळ्यांना पुरेल असा एकच नाही, म्हणून युनिफॉर्मली कंटिन्युअस नाही.

हेच तुझ्या रोजच्या प्रवासात बघ. ‘कोपरखैरण्याच्या प्रत्येक प्रवाशासाठी ठाण्याला जाणारी एक गाडी असते.’ खरं आहे. ‘अशी एक गाडी असते जी कोपरखैरण्याच्या प्रत्येक प्रवाशाला ठाण्याला नेते.’ हे कसं खरं असेल? सकाळी सहाला जाणारा आणि दहाला निघणारी तू एका गाडीत कशा मावणार? दोन्ही वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत, फक्त ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ यांनी जागा बदलली. साधी कंटिन्युइटी पहिल्या वाक्यासारखी आहे आणि युनिफॉर्म दुसऱ्या. इंग्रजीत ‘फॉर एव्हरी’ आणि ‘देअर एक्झिस्ट्स’ भरभर कानावर पडतात तेव्हा कुठलं आधी आलं हे निसटतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं निसटतं तसंच इंग्रजी माध्यमातल्यांचंही निसटतं. ते सांगत नाहीत एवढंच.

आणि हे टी.वाय.चं असेल-नसेल, पण सोपं खचित नाही. फ्रान्सच्या कोशी या गणितीने 1821 मध्ये विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक छापलं त्यात त्याने लिहिलं, की कंटिन्युअस फंक्शन्सची सिरीज, म्हणजे न संपणारी बेरीज, कन्व्हर्ज होत असेल, म्हणजे एका ठराविक उत्तराकडे जात असेल, तर तिची बेरीजही कंटिन्युअस असते. नॉर्वेच्या आबेलने 1826 मध्ये दाखवून दिलं की याला अपवाद आहेत. तेव्हा आबेल तुझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा होता. नेमकं काय चुकलं हे स्टोक्स आणि झायडेल यांनी उलगडेपर्यंत आणखी वीस वर्षं गेली. चुकलं होतं ते हेच, ‘प्रत्येकाचा वेगळा’ आणि ‘सगळ्यांना मिळून एक’ यातलं अंतर. तुझी शंका डेल्टाबद्दल होती आणि तिथली गोष्ट सिरीजबद्दल, पण खड्डा तोच. कोशी ज्यात पडला त्यात तूही पाय घातलास तर वर्गाने हसण्यासारखं काय होतं? हसणाऱ्यांपैकी किती जणांना उत्तर येत होतं, हे मला फार कुतूहल आहे. त्यांतल्याच बऱ्याच जणांनी आता अर्जावर सही केली असणार.

या कोशीची आणखी एक गोष्ट तुला आवडेल. पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये तो शिकवायचा तेव्हा त्याच्या तासांबद्दल मुलं कायम कुरकुरत असत, की फार अमूर्त आहे, इंजिनियर व्हायला आलेल्यांना याचा काय उपयोग. त्याच 1821 साली तास संपायची वेळ झाली तरी हा थांबेना म्हणून मुलांनी त्याची हुर्यो उडवली होती. आज जगभर अ‍ॅनालिसिस शिकवतात ते त्या माणसाने घालून दिलेल्या चौकटीत. मुलांची तक्रार खरी होती आणि त्याचं गणितही खरं होतं.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते. ‘सरांचं शिकवणं वाईट की माझ्याच डोक्यात गणित नाही?’ असा एकास एक सामना तू लावला आहेस. एक दोषी ठरला की दुसरा सुटला. मला ही जोडीच मान्य नाही, कारण तुझ्याच पत्रात ती मोडते. ज्या मुलीच्या डोक्यात गणित नाही तिला चाळीस मिनिटांत समजलेलं प्रमेय दोन महिन्यांनी तोंडपाठ नसतं. आणि ज्या माणसाला शिकवता येत नाही त्याला ते समजावताही आलं नसतं. म्हणजे तुला कळू शकतं आणि सरांना समजावता येतं, या दोन्ही गोष्टी विभागातल्या एका टेबलावर सिद्ध झालेल्या आहेत. वर्गात मात्र तसं होत नाही. तर मग ‘वर्गात काय होतं’ हाच प्रश्न उरतो, आणि तो स्वभावापेक्षा बराच लहान, बराच हाताळण्याजोगा आहे.

माझंच सांगते. ठाण्यात एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षं गणित शिकवलं. बाराव्या-तेराव्या वर्षी असेल, वर्ष संपताना एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी आला आणि वहीचं शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. त्यावर चार उभ्या रेघा आणि एक आडवी असे गठ्ठे होते, चार पूर्ण आणि वर दोन. ‘‘मॅडम, आजच्या तासाला तुम्ही बावीस वेळा ‘सहजच’ म्हणालात.’’ मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन दिवस माझा राग गेला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याच तासाचे माझे कागद घेऊन बसले आणि प्रत्येक ‘सहजच’ला थांबून पाहिलं. निम्म्या ठिकाणी ते खरंच सहज होतं. काही ठिकाणी मी ती पायरी इतक्या वर्षांत इतक्या वेळा केली होती की ती मला दिसेनाशीच झाली होती. आणि तीन ठिकाणी, आता कबूल करायला हरकत नाही, मलाच पटकन ती पायरी भरता आली नाही.

शिक्षक ‘ऑब्व्हियस’ म्हणतो तेव्हा यातलं काय चाललेलं असतं ते समोरच्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून तो शब्द अंगाला लावून घेऊ नकोस. तो पायरीबद्दलचा शेरा आहे, तुझ्याबद्दलचा नाही. डेडेकिंड हा जर्मन गणिती 1858 मध्ये झुरिचला कॅल्क्युलस शिकवत होता तेव्हा त्याला एका ठिकाणी ‘आकृतीवरून दिसतंच आहे’ असं म्हणून पुढे सरकावं लागायचं. ते त्याला इतकं टोचलं की त्यातून त्याने वास्तव संख्यांची व्याख्याच नव्याने मांडली, आणि ती छापायला 1872 उजाडलं. ‘दिसतंच आहे’ म्हणताना ज्याला चुटपुट लागते असा शिक्षक विरळा. तुझे सर तसे नाहीत, मीही नव्हते.

‘कशाला आलीस’ हे मात्र वेगळं. तो पायरीबद्दलचा शेरा नव्हता, तो माणसाबद्दलचा होता. तुला ते लागलं यात तुझा हळवेपणा वगैरे काही नाही. हे वाक्य मी बाजूला काढून ठेवते, पुढे लागणार आहे.

मधे जुन्या बॅचबद्दल. ‘सर देव आहेत, त्यांच्यामुळे नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) निघाली’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण ते कोण आहेत बघ. जे टिकले ते. पहिल्या सेमिस्टरनंतर ज्यांनी नाव काढून घेतलं, जे बी.एड.ला किंवा नोकरीला गेले, ते तुमच्या ग्रुपवर येऊन अनुभव लिहीत नाहीत. कडक शिक्षकाची ख्याती नेहमी उरलेल्यांच्या तोंडून ऐकू येते. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात मूर नावाचे एक प्राध्यापक होते. ते मुलांना पुस्तक उघडायला बंदी करायचे, स्वतः जवळजवळ काही सांगायचे नाहीत. प्रमेय फळ्यावर लिहायचं आणि सिद्धता ज्याची त्याने आणायची. त्यांच्या हाताखालून फार मोठे गणिती घडले आणि ‘मूर पद्धत’ आजही वाखाणली जाते. याच मूरनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात बसू दिलं नाही, हेही नोंदलेलं आहे. मी तुझ्या सरांची तुलना त्यांच्याशी करत नाहीये. एवढंच म्हणतेय, की आत असलेल्यांनी गायलेली आरती ऐकताना बाहेर कोण राहिलं तेही विचारावं.

पण याची दुसरी बाजूही तुझ्या 31 जणांना सांगायला हवी. जो शिक्षक आवडतो तोच चांगला, असंही नसतं. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांना कुठला प्राध्यापक मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, त्यामुळे तिथे हे नीट तपासता आलं. कॅरल आणि वेस्ट या दोघांनी 2010 मध्ये ते छापलं. कॅल्क्युलसच्या ज्या प्राध्यापकांच्या मुलांना त्या परीक्षेत बरे मार्क पडले त्यांना मुलांनी चांगले शेरे दिले, पण त्यांची मुलं पुढच्या वरच्या विषयांत मागे पडली. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला, 2019 चा अभ्यास आणखी गमतीचा आहे. ज्या वर्गात मुलांना स्वतः झटापट करायला लावली ती मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण विचारल्यावर म्हणाली की आम्ही कमी शिकलो. ज्यांनी गुळगुळीत व्याख्यान ऐकलं त्यांना उलट वाटलं. म्हणून ‘त्या दुसऱ्या मॅडम किती छान शिकवतात, सगळं कळतं’ हे वाक्य मी जरा जपून घेते. यूट्यूबवर तासभर कुणाची तरी सिद्धता पाहून मान डोलावणं आणि मग कोऱ्या कागदावर दुसरी ओळ न सुचणं, हे तुझंही होत असेल.

तुमच्या सरांना यातून सूट मिळत नाही. ते मुलांना झटापट करायला लावत नाहीत, ते फळा पुसतात. फळ्यावरची ओळ मुलांच्या वहीत उतरायच्या आत नाहीशी होणं याला कुठलंही संशोधन पाठिंबा देणार नाही.

आता सही. तुझ्या पत्रात अर्जाचा मजकूर तू जसा दिला आहेस, ‘सर शिकवत नाहीत, त्यांना बदला’, त्यावर मी तुझ्या जागी सही केली नसती. सरांवर दया म्हणून नव्हे. ते वाक्य तुझ्या अनुभवाला धरून खरं नाही, आणि विभागप्रमुखांनी तुला एकटीला बोलावून ‘खरंच शिकवत नाहीत का गं?’ विचारलं तर तू अडखळशील. शिवाय तो अर्ज चालणार नाही हे मी अनुभवावरून सांगते. वर्षाच्या मध्यावर अ‍ॅनालिसिस शिकवायला दुसरा माणूस आणायचा कुठून? जागा रिकाम्या, निम्मे तास तासिका तत्त्वावरच्या मुलामुलींवर चाललेले. प्रमुख कागद ठेवून घेतील, सरांच्या कानावर घालतील, सर दुखावतील आणि तुमचे तास आणखी कोरडे होतील. ‘बदला’ या मागणीला ‘नाही’ म्हणणं फार सोपं असतं.

पण गप्प बसणं हाही माझा सल्ला नाही. ‘मला चाळीस मिनिटं मिळाली, मग मी कशाला बोलू’ असा विचार तुझ्या मनात कुठेतरी आहे. तुला मिळाली कारण तू गेलीस. 38 जण गेले तर पंचवीस तास होतात. ते सरांना शक्य नाही आणि वर्ग असतो तो त्याचसाठी. म्हणून वर्गप्रतिनिधीला म्हण, की अर्ज बदलूया, मी सही करते, मसुदाही मी लिहिते. त्यात विशेषणं नकोत. ‘अमुक तारखेच्या तासाला फळा उतरवून घेण्याआधी पुसला गेला’ असं लिहा. मागण्या अशा ठेवा की ज्या नाकारताना समोरच्याला कारण द्यावं लागेल. आठवड्याला एक तास फक्त गणितं सोडवण्यासाठी. दर तासाची शेवटची दहा मिनिटं शंकांची. प्रत्येक घटकाआधी प्रश्नांचा एक कागद. तपासलेले चाचणीचे पेपर हातात. हा पेपरांचा मुद्दा तर तू आजच एकटीनेही धर. 20 पैकी 6 एवढाच आकडा तुला ठाऊक आहे, 14 कुठे गेले ते पाहिल्याशिवाय स्वतःबद्दल निवाडा करू नकोस. सिद्धतेची दिशा बरोबर असून लिहिण्यात मार्क गेले असतील तर तो वेगळा आजार, त्याला औषध वेगळं.

आणि अर्ज देण्याआधी दोघं-तिघं मिळून सरांशीच बोला. हे ऐकून मैत्रिणी हसतील. हसू देत. तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला आपण डाव्या हाताने पुसतो हे कुणी सांगितलेलंच नसण्याची शक्यता मला फार मोठी वाटते. मला तरी बारा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात आहेत ही तुझी भीती मी उडवून लावणार नाही. ती खरी आहे, म्हणूनच एकटीने लेखी काही देऊ नको, सगळ्यांच्या सह्यांनी दे. त्यावर ‘बदला’ नसेल तर सूड घ्यायला निमित्तही कमी उरतं.

बाजूला काढलेलं ते वाक्य. ‘कशाला आलीस’ एकदा म्हटलं गेलं असेल तर सरांशी किंवा प्रमुखांशी तोंडी बोलून संपवण्याजोगं आहे, असं माझं मत. त्यांनी ‘सॉरी’ म्हणावं अशी अपेक्षा धरू नकोस, त्या पिढीत हा शब्द जड आहे. पण ते पुन्हा पुन्हा होत असेल, किंवा त्यात भाषा, जात, मुलगी असणं, घरची परिस्थिती यांचा उल्लेख येत असेल, तर तो शिकवण्याच्या पद्धतीचा विषय राहत नाही आणि त्याला तोंडी काही नको. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायलाच हवी. त्यात विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधीही बोलावला जातो. तक्रार आल्यापासून शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो आणि तो पटला नाही तर पुढच्या 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही सांगते, विभागाच्या नोटीस बोर्डावर किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर या समितीची माहिती शोधून ठेवा. गरज पडेल तेव्हा शोधायला गेलं की सापडत नाही.

आता अभ्यास. हा भाग मी लांबवणार नाही, पण दोन गोष्टी हट्टाने सांगते.

एक. वहीचं उजवं पान कोरं सोड. डावीकडे सर लिहितात ते जसंच्या तसं, आणि जिथे ‘ऑब्व्हियस’ येईल तिथे एक त्रिकोण काढ. संध्याकाळी परतताना ट्रान्सहार्बरच्या लोकलला बसायला मिळालं तर तिथेच, नाहीतर घरी, फक्त ते त्रिकोण भरायचे. बाकी काही वाचायचं नाही. पहिल्या आठवड्यात दहातले चार भरतील. जे भरणार नाहीत तीच तुझी शंकांची यादी. ‘सर, कळलं नाही’ याला कुठल्याही शिक्षकाकडे उत्तर नसतं. ‘सर, तिसऱ्या ओळीतला एन चौथ्या ओळीत कसा चालला?’ याला असतं, आणि त्यावर ‘कशाला आलीस’ म्हणायला जीभही सहसा रेटत नाही.

दोन. मराठीत विचार कर. तुझ्या पत्रात याची लाज दिसली मला. नववी-दहावीच्या भूमितीत तू काय लिहायचीस? पक्ष, साध्य, सिद्धता. दिलेलं काय, दाखवायचं काय, मग दाखवणं. अ‍ॅनालिसिसच्या सिद्धतेला यापलीकडे काही लागत नाही आणि खूपशी मुलं तिथेच पडतात, पक्ष कुठला नि साध्य कुठलं हेच न लिहिता थेट एप्सिलॉनवर झडप घालतात. तू कच्च्या कागदावर हे तीन शब्द लिही, आशय मराठीत मांड, मग उत्तरपत्रिकेत इंग्रजीत उतरव. चार-पाच जणांनी मिळून शनिवारी एखादा रिकामा वर्ग आणि फळा मिळवा. एकीने समजावायचं, बाकीच्यांनी अडवायचं, पाळीपाळीने. बहुतेक ठिकाणी शिपाईकाकांना नीट विचारलं की खोली मिळते.

एक जास्तीचं. एमटीटीएस म्हणून गणिताची उन्हाळी शिबिरं असतात, 1993 पासून चालू आहेत. ती सुरू करणारे प्राध्यापक एस. कुमारेसन मुंबई विद्यापीठात शिकवत असत. तिथे शिक्षक कमी बोलतात आणि मुलांना विचारून विचारून सिद्धता त्यांच्याकडूनच काढून घेतात. निवड होते, सगळ्यांना जागा मिळत नाही. पण अर्ज कर. गणिताच्या वर्गात बोलणं म्हणजे काय असतं ते एकदा बघायला हवं, आणि ते तुझ्या वर्गात नाही तर नाही, दुसरीकडे बघ.

भावाला सांग, बँकेच्या परीक्षा कुठे पळून जात नाहीत. तो वाईट बोलत नाहीये. घरात पगार यायला हवा हे बाबांच्या पाठीकडे बघून त्यालाही दिसतं, तुलाही दिसतं. एम.एस्सी. सोडून देणं हा विचारही करण्याजोगा आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त तो एका चाचणीनंतरच्या महिन्यात, एका वाक्याच्या रागावर करू नकोस. टी.वाय.पर्यंत गणित म्हणजे बरंचसं करणं असतं, इथे ते एकदम सांगणं होतं, की का खरं आहे ते सांगा. पहिलं सेमिस्टर जवळजवळ सगळ्यांचं अवघडच जातं. सेमिस्टरचा निकाल लागू दे, त्रिकोणांची वही दोन महिन्यांची होऊ दे, मग घरच्यांना घेऊन बस. तेव्हा तुझ्याकडे 6 या आकड्याखेरीज बोलायला काहीतरी असेल.

तोवर या आठवड्यात एक काम. 1, 10, 100 आणि तू काढलेलं 1000, असा चार ओळींचा तक्ता एका कागदावर स्वच्छ लिही. खाली प्रश्न लिही: ‘सर, फंक्शन 0 ते 100 एवढंच घेतलं तर मग एकच डेल्टा पुरतो का?’ उत्तर तुला तक्त्यातच दिसेल, पण का पुरतो हे नीट सांगायला सरांनाही खडू उचलावा लागेल, आणि तिथून पुढे ज्या प्रमेयाची वाट जाते ते त्यांचं आवडतं असणार याची मी पैज लावते. दुपारचा चहा झाल्यावर विभागात जा. दाराशी उभी राहून ‘‘सर, दहा मिनिटं आहेत?’’ एवढंच विचार. मागच्या वेळी चाळीस मिळाली होती.